उपनगरातील घराचे मोल : मुंबईतील मूल्यनिर्धारणाचा व त्याच्या परिभाषेचा इतिहास

१. विषय व मर्यादा

घराचे मोल किती, हा प्रश्न वरकरणी शुद्ध व्यवहाराचा दिसतो. म्हणून तो दलाल, सावकार आणि कारकून यांच्यावर सोपवून अभ्यासक सहसा मोकळे होतात. परंतु हे मोल ज्या शब्दांत मांडले जाते त्या शब्दांचा मागोवा घेऊ लागल्यास असे आढळते की, एकाच घराला एकाच वेळी चार-पाच निरनिराळी मोले असतात, त्यांपैकी प्रत्येकाचे नाव वेगळे असते, आणि प्रत्येक नावाच्या पाठीशी एखादा कायदा, एखादे न्यायालय किंवा एखादी रूढी उभी असते. ‘करयोग्य मूल्य’, ‘प्रमाण भाडे’, ‘पागडी’, ‘बाजारमूल्य’, ‘भांडवली मूल्य’ हे शब्द परस्परांचे पर्याय नव्हेत. ते निरनिराळ्या काळांत, निरनिराळ्या गरजांतून जन्मले. आणि एक आला म्हणून दुसरा गेला असेही घडले नाही.

प्रस्तुत निबंधात मुंबईच्या उपनगरांतील घरांपुरता हा इतिहास मांडावयाचा आहे. उदाहरणासाठी विलेपार्ले हे उपनगर मुख्यतः डोळ्यांपुढे ठेवले आहे. या सर्व पद्धतींत घराचे मोल ठरविताना भोवतालच्या वस्तीचा हिशेब कसा केला गेला, आणि त्या हिशेबाचा लाभ कोणाच्या पदरी पडला, हा निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. ‘मूल्य’ हा संस्कृत शब्द मराठीत तत्सम रूपाने नांदतो, आणि प्राकृतातील ‘मोल्ल’ या रूपातून आलेला ‘मोल’ हा त्याचाच तद्भव भाऊ होय. ‘किंमत’ हा अरबी शब्द फारसीच्या द्वारे आपल्याकडे आला. बोलण्यात बाजारातील वस्तूला ‘किंमत’ असते, जिवाला व श्रमाला ‘मोल’ असते, आणि सरकारी कागदात ‘मूल्य’ असते. हा भेद कोणी ठरवून केलेला नाही. तथापि घराच्या बाबतीत तो फार नेमका ठरतो. कारण घर ही विकावयाची वस्तू आहे, राहावयाची जागा आहे आणि कराचा विषयही आहे.

२. कल्पित भाडेकरू

घरावर कर बसविण्याची कल्पना इंग्रजांनी येथे नव्याने आणली असे नाही. ‘घरपट्टी’ हा शब्द मराठेशाहीतील करांच्या नावांत आढळतो, आणि आजही सामान्य मुंबईकर महापालिकेच्या मालमत्ता कराला घरपट्टीच म्हणतो. नवीन होती ती आकारणीची रीत. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम १५४ प्रमाणे इमारत किंवा जमीन वर्षानुवर्षाच्या कराराने भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे वार्षिक भाडे अपेक्षिता येईल, ते प्रमाण मानावयाचे. त्यातून दुरुस्ती इत्यादी सर्व बाबींपोटी शेकडा १० वजा करावयाचे. उरेल ते करयोग्य मूल्य. समजा, एखाद्या घराचे महिन्याचे वाजवी भाडे ५० रुपये धरले, तर वार्षिक भाडे ६०० रुपये, वजावट ६० रुपये आणि करयोग्य मूल्य ५४० रुपये होईल.

ही व्याख्या इंग्लंडमधील स्थानिक करांच्या परंपरेतून, विशेषतः १८३६ च्या पॅरिशविषयक आकारणी-कायद्यातून, उतरलेली आहे. तिचे वैशिष्ट्य असे की, ती मालकाला घराची खरेदी-किंमत विचारीत नाही. ती एका कल्पित भाडेकरूची मूर्ती उभी करते आणि त्याला विचारते : या घरात वर्षभर राहावयाचे झाल्यास तू किती देशील ? मालक स्वतःच घरात राहत असला तरी कायद्याच्या दृष्टीने तोही त्या कल्पित भाडेकरूंपैकीच एक असतो.

या कल्पित भाडेकरूच्या ठिकाणी वस्तीचा विचार आपोआप अंतर्भूत होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. भाडे देणारा मनुष्य केवळ चार भिंतींचे भाडे देत नाही. स्टेशन किती पावलांवर आहे, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहते की नाही, पावसाळ्यात रस्ता तुंबतो काय, मुलांना शाळा जवळ आहे काय, शेजार कसा आहे, हे सारे तो मनाशी तोलतो आणि मग आकडा बोलतो. म्हणून कायद्यात ‘वस्ती’ हा शब्द नसतानाही वस्तीचे मोल ‘वाजवी’ या एका शब्दात सामावलेले होते. हा शब्दही अरबीतील ‘वाजिब’पासून आलेला. त्याचा अर्थ निश्चित आकड्यात सांगता येत नाही. तो वादाला जागा ठेवतो, आणि या वादाची सोयही त्याच अधिनियमात आहे. कलम २१७ अन्वये आकारणीविरुद्ध लघुवाद न्यायालयाकडे अपील करता येते.

उपनगरात मात्र या पद्धतीची एक अडचण होती. बंगल्यांच्या वस्तीत बहुतेक घरांत मालक स्वतः राहत. तुलनेसाठी भाड्याची घरे थोडी. अशा ठिकाणी जमीन व बांधकाम यांचा एकंदर खर्च काढून त्यावर ठरावीक टक्क्याने व्याज धरावयाचे आणि तेच भाडे समजावयाचे, अशी पर्यायी रीत इंग्रजी व भारतीय करनिर्णयांत मान्य झाली. परंतु खर्चाच्या हिशेबात शेजाराला स्थान फक्त जमिनीच्या दरापुरतेच उरते, हे उघड आहे.

३. वस्ती घडविणारे

मुंबई बेट आणि साष्टी यांमधील अंतर प्रथम पुलांनी व मग लोहमार्गाने तोडले. माहीमचा बांधरस्ता १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. १८९६ च्या प्लेगने शहराच्या दाट वस्तीचे भय मध्यमवर्गाच्या मनात भरविले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आखीव वसाहती उभारल्या. साष्टीत मुंबई उपनगर जिल्हा १९२० मध्ये वेगळा झाला, आणि १९२८ मध्ये पश्चिम मार्गावर बोरिवलीपर्यंत विजेची गाडी सुरू झाली. कचेरीत काम करून संध्याकाळी झाडांच्या सावलीतल्या घरी परतणे हे कारकून व शिक्षक यांच्या आवाक्यात आले ते या गाडीमुळे.

शेतजमिनीचे घरजमिनीत रूपांतर झाले की, १८७९ च्या जमीन महसूल कायद्यान्वये तिला बिनशेती आकार लागू होई. ‘बिनशेती’ हा शब्द मोठा बोलका आहे. त्यात जमीन काय झाली हे सांगितलेले नसून ती काय राहिली नाही एवढेच सांगितले आहे. घर, बाग, शाळा, गिरणी या सर्वांना महसुली दप्तरात हा एकच नकारात्मक शब्द पुरत असे.

परंतु बिनशेती जमिनीची वस्ती होते ती माणसांमुळे. पार्ल्यात लोकमान्यांच्या निधनानंतर १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ या संस्था उभ्या राहिल्या. त्या रहिवाशांच्या वर्गणीने, श्रमाने आणि आग्रहाने चालल्या. पुढे पार्ल्यात घर घेणारा जी अधिक रक्कम मोजी, तिच्यातील काही अंश या शाळेचा व या संघाचा होता, हे कोणीही जाणता पार्लेकर मान्य करील. पण तो अंश कोणत्याही खरेदीखतात वेगळा लिहिलेला नसे, आणि ज्यांनी वर्गणी दिली त्यांच्याकडे तो परत येत नसे. तो घराच्या मालकाकडे जाई.

या वाढीव मोलाचा स्वतंत्र हिशेब करण्याचा प्रयत्न आपल्या कायद्यात एकाच ठिकाणी स्पष्टपणे झाला, तो नगररचना योजनांच्या कायद्यात. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही कल्पना चालत आली. वांद्रे, सांताक्रुझ, पार्ले येथील योजनांची आखणी याच परंपरेतील होय. योजनेत विस्कळीत शेते एकत्र करून त्यांतून रस्ते व मोकळ्या जागा काढावयाच्या आणि उरलेली जमीन सुबक ‘अंतिम भूखंडां’च्या रूपाने मूळ मालकांना परत द्यावयाची. त्यासाठी एकाच तारखेला एकाच भूखंडाची दोन मोले काढावयाची : योजना पुरी झाली आहे असे समजून एक, आणि योजनाच नाही असे समजून दुसरे. दोहोंतील अंतर म्हणजे ‘वाढ’. समजा, पहिले मोल ७,००० रुपये आणि दुसरे ४,००० रुपये आले, तर वाढ ३,००० रुपये. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाप्रमाणे मालकाकडून योजनेच्या खर्चापोटी घ्यावयाचे अंशदान या वाढीच्या निम्म्याहून अधिक असू शकत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणात फार तर १,५०० रुपये.

येथे कायद्याने प्रथमच असे कबूल केले की, घराच्या मोलातील काही भाग मालकाने निर्माण केलेला नसतो. तथापि रस्त्यामुळे झालेली वाढ या हिशेबात येते. शाळेमुळे व शेजारामुळे झालेली येत नाही.

४. गोठलेले भाडे आणि पागडी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरात माणसांची रीघ लागली, बांधकाम थांबले आणि भाडी भडकू लागली. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धाच्या निमित्ताने भाडेनियंत्रण आले होतेच. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० हा दिवस पायाभूत धरला. त्या दिवशी जे भाडे होते ते ‘प्रमाण भाडे’. घर त्यानंतर प्रथम भाड्याने दिले असल्यास ते पहिले भाडे प्रमाण. भाडेकरूला घराबाहेर काढण्यावर कडक बंधने आली. त्या काळातील असंख्य कुटुंबे या कायद्यामुळे रस्त्यावर येण्यापासून वाचली, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

पण मोजमापाच्या दृष्टीने पाहता एक विलक्षण गोष्ट घडली. १८८८ च्या कायद्यातील ‘वाजवी भाडे’ आणि १९४७ च्या कायद्यातील ‘प्रमाण भाडे’ हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे ठाकले. ज्या भाड्याहून अधिक घेणे गुन्हा आहे, ते अधिक भाडे ‘वाजवीपणे अपेक्षिता येईल’ असे म्हणता येते काय ? देवान दौलतराय कपूर यांच्या दिल्लीतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७९ मध्ये निर्णय दिला की, वार्षिक मूल्य प्रमाण भाड्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्याआधी कलकत्ता व गुंटूर येथील प्रकरणांतही विचाराची दिशा हीच होती. परिणामी कल्पित भाडेकरूही १९४० च्या सालात कैद झाला. शेजारी शाळा आली, रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, तरी त्याच्या तोंडचा आकडा बदलेना.

याचा परिणाम घरावर कसा झाला ते साध्या हिशेबाने कळेल. शेकडा ५ उत्पन्नाची अपेक्षा धरणारा खरेदीदार वार्षिक भाड्याची वीसपट किंमत देतो. वर्षाला ६०० रुपये भाडे देणाऱ्या घराचे मोल त्याच्या दृष्टीने १२,००० रुपये. भाडे पन्नास वर्षे ६०० रुपयेच राहिले, तर मालकाच्या हातातील मोलही १२,००० च्या आसपासच घुटमळते. गवंड्याची मजुरी व सिमेंटचा दर मात्र थांबत नाहीत. मालक दुरुस्ती टाळू लागला. आणि दुरुस्तीअभावी गळणारे घर वस्तीचेही मोल खाली ओढू लागले. मुंबई बेटातील जुन्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ व उपकर यांची व्यवस्था केली. उपनगरे तिच्या बाहेर राहिली.

मग घराच्या मोलात जी खरी वाढ झाली ती गेली कोठे ? ती पागडीत गेली. जुना भाडेकरू जागा सोडताना नव्याकडून रक्कम घेई आणि तीत मालकाचाही वाटा असे. पागडी म्हणजे डोक्यावरचे वस्त्र, मानाचे चिन्ह. मानाच्या देण्याचे हे नाव कायद्याने निषिद्ध ठरविलेल्या रकमेला मिळावे, यात भाषेची स्वाभाविक चतुराई दिसते : ज्याची पावती देता येत नाही त्याला मानाचे नाव देतात. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे अपराध ठरविले असताही शहरभर ती सर्रास चाले. वस्तीचे जे मोल सरकारी दप्तराने नाकारले, त्याची नोंद पागडीने ठेवली, असेच म्हटले पाहिजे. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने (अंमल ३१ मार्च २००० पासून) कलम ५६ अन्वये अशा रकमेला मान्यता दिली आणि भाड्यात दरसाल शेकडा ४ वाढीची मुभा दिली. तत्पूर्वी, डिसेंबर १९९७ मध्ये, मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, प्रमाण भाड्याच्या गोठवणुकीच्या तरतुदी आरंभी न्याय्य असल्या तरी कालांतराने अवास्तव झाल्या आहेत.

५. चौरस फूट

पार्ले व त्याच्या आसपासची उपनगरे १९५० मध्ये बृहन्मुंबईत आली. १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. १९६० चा सहकारी संस्था अधिनियम आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा अधिनियम यांनी नव्या प्रकारचे घर कायद्याच्या चौकटीत आणले. बंगला पाडून तेथे चार मजली इमारत उभी राहू लागली, आणि ‘घर’ या शब्दाच्या जागी ‘ब्लॉक’ व ‘फ्लॅट’ हे शब्द घरोघर बोलले जाऊ लागले. बंगल्याचे मोल त्याच्या नावाने सांगत. फ्लॅटचे मोल चौरस फुटाच्या दराने सांगू लागले. शेजार, वारा, आंब्याचे झाड हे सर्व त्या एका दरात विरघळले.

१९६४ च्या विकास आराखड्याच्या काळात चटईक्षेत्र निर्देशांकाची कल्पना रूढ झाली. १९९१ च्या नियमावलीत तो बेटावर १.३३ आणि उपनगरांत १ होता. हस्तांतरणीय विकास हक्कांमुळे उपनगरांत त्यावर आणखी भर घालता येऊ लागली. येथे मोलाची दृष्टी पुन्हा पालटली. भाड्याच्या पद्धतीत घर आज कसे आहे हे पाहत. आता ते पाडल्यावर तेथे काय उभे राहू शकेल हे पाहू लागले. पार्ले-सांताक्रुझ भागात विमानतळामुळे इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत. म्हणून दोन सारख्या इमारती, सारखे वय, सारखी शाळा. पण एकीवरून विमानाची वाट जाते, तेव्हा तिच्या पुनर्बांधणीचे गणित बसत नाही. घरात राहणाऱ्याच्या सुखदुःखाशी या फरकाचा संबंध थोडा. मोलाशी मात्र मोठा.

६. तक्ता

मुद्रांक शुल्क चुकविण्यासाठी खरेदीखतात किंमत कमी लिहिण्याची रीत जुनी. तिला आळा म्हणून १९५८ च्या मुद्रांक अधिनियमाखाली बाजारमूल्यावर आकारणी आली आणि १९९५ च्या नियमांनी वार्षिक मूल्यदर तक्त्यांची पद्धत घातली. लोक त्यांना ‘रेडी रेकनर’ म्हणतात. या तक्त्यांत शहराचे विभाग व उपविभाग पाडलेले असतात. त्यांच्या सीमा रस्ते, लोहमार्ग, नाले यांनी दाखविलेल्या असतात. आणि प्रत्येक उपविभागात मोकळी जमीन, निवास, कार्यालय, दुकान यांचे प्रतिचौरस मीटर दर दिलेले असतात. इमारतीचे वय, मजला, उद्वाहक यांप्रमाणे दरात फेरफार होतो.

वस्तीला सरकारी दप्तरात स्वतंत्र स्थान मिळाले ते येथे, आणि ते क्रमांकाच्या रूपाने मिळाले. रस्त्याच्या एका बाजूचे घर एका उपविभागात, समोरचे दुसऱ्यात. दोघांचा शेजार एकच, दर दोन. शिवाय तक्ता झालेल्या व्यवहारांवरून बनतो आणि व्यवहार करणारे तक्त्याकडे पाहून किंमत लिहितात, असे वर्तुळ निर्माण होते. १ एप्रिल २००३ पासून लागू झालेल्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५०-क ने, विक्रीची किंमत मुद्रांकासाठी धरलेल्या मूल्याहून कमी असल्यास ते मूल्यच विक्रीची किंमत समजण्याचे ठरविले, तेव्हा हे वर्तुळ अधिकच घट्ट झाले. असे तक्ते म्हणजे खरे बाजारमूल्य नव्हे, भूसंपादनाची भरपाई केवळ त्यांवरून ठरविता येत नाही, असे जवाजी नागनाथम् प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. परंतु दैनंदिन व्यवहारात तक्त्याचा अधिकार वाढतच गेला.

१ एप्रिल २०१० पासून महापालिकेने मालमत्ता करासाठीही भाड्याचा पाया सोडून भांडवली मूल्याचा पाया घेतला, आणि त्यासाठी मूळ दर या तक्त्यांतूनच घेतला. जमिनीच्या भावी बांधकाम-क्षमतेचाही विचार करणारे त्यातील काही नियम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केले. आकारणी मालमत्तेच्या आजच्या स्थितीवरून व्हावी, उद्याच्या शक्यतेवरून नव्हे, असा त्यामागील विचार. सव्वाशे वर्षांपूर्वीचा कल्पित भाडेकरूही हेच सांगत होता : मी आहे त्या घराचे भाडे देईन, होणाऱ्या घराचे नाही. २०२२ मध्येच ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी सदनिकांना मालमत्ता करातून सूट मिळाली, तीही मोलाच्या नव्हे, आकाराच्या आधारावर.

७. निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मोजण्याची पद्धत घराला जशीच्या तशी टिपून घेत नाही. ती घरावर परिणाम करते. गोठलेल्या भाड्याने भिंती खचल्या आणि निर्देशांकाने बंगले पाडले. दुसरी, ‘वाजवी’ या शब्दाकडून तक्त्याकडे झालेल्या प्रवासात निश्चितता व समानता वाढली, मनमानीला आळा बसला. परंतु आपल्या गल्लीचे मोल काय आणि का, याविषयी न्यायासनासमोर बोलण्याची नागरिकाची जागा त्याच प्रमाणात आक्रसली. उपविभागाचा क्रमांक वादात उतरत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वस्तीचे मोल रहिवासी निर्माण करतात, मग ते मालक असोत, भाडेकरू असोत वा केवळ शाळेत शिकविणारे असोत. परंतु या मोलाचा हिशेब ज्या ज्या पद्धतीने केला गेला, त्या प्रत्येक पद्धतीत ते कोणा एकाच्याच हाती गेले : प्रथम मालकाच्या, मग पागडी घेणाऱ्याच्या, आणि अलीकडे पुनर्बांधणी करणाऱ्याच्या. नगररचना कायद्यातील ‘वाढ’ ही संकल्पनाच काय ती त्यातील वाटा समाजाकडे वळविणारी. आणि तीही रस्त्यांपाशी थांबली. ज्या शिक्षकांनी व कारकुनांनी पार्ल्यासारखे उपनगर नावारूपास आणले, त्यांच्या व्यवसायातील आजच्या माणसाला तेथे नव्याने घर घेणे अशक्यप्राय झाले आहे. वाढीव मोलाचा न्याय्य वाटा कोणाचा, हा प्रश्न १९१५ इतकाच आजही खुला आहे. उपनगरांच्या पुनर्विकासाचे नियम करणाऱ्यांनी जुन्या नगररचना योजनांची दप्तरे या दृष्टीने पुन्हा उघडून पाहावीत. प्रत्येक भूखंडाची दोन मोले मांडून त्यांतील अंतर कोणाच्या कष्टाचे, हे विचारण्याची रीत त्यांत लिहून ठेवलेली आहे.